आल्टरवाले अप्पा

मन्मथअप्पांच्या दुकानात तुम्ही वेबसाइट करून घ्यायला गेलात, तर खुर्चीवर टेकायच्या आत ते एक वाक्य ऐकवत. “हे बघा, आपलं काम रेडिमेड हाय. आमी शिवत न्हाई. आमी आल्टर करतो.” गळ्यात शिंप्याची मापाची टेप, कपाळाला भस्माची तीन बोटं, नाकावर घसरलेला चष्मा आणि समोर कॉम्प्युटर. आलेला माणूस गोंधळून दुकानाची पाटी पुन्हा वाचायला बाहेर जाई. पाटीवर वेबसाइटच लिहिलेलं असे. तो परत येऊन मुकाट्यानं बसे, आणि दुकानातली एकमेव पगारी नोकर म्हणजे मी, मान खाली घालून की-बोर्ड पुसत राही.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली. अंबाजोगाईत तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून कुरकुरत यायचं, आणि ते आलं की दुकानाचा फोन बंद पडायचा. अप्पांनी हैदराबादेहून एक सीडी आणली होती. तिच्यावर पाचशे तयार वेबसाइट होत्या, दवाखान्याच्या, वकिलाच्या, हॉटेलच्या, आणि परदेशातल्या लोकांना लागणाऱ्या आणखी कसल्या कसल्या. नाव बदला, फोटो बदला, रंग बदला, की झाली आपली साइट. शहरात तेव्हा बहुतेक जण हेच करत, पण ‘खास तुमच्यासाठी बनवली’ असं सांगून. अप्पा तेवढं सांगत नसत.

त्यांचं सगळं आयुष्य मोंढ्याच्या म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यावर एका शिलाई मशीनमागे गेलं होतं. घराणं कापडवाल्यांचं, पण भावाभावांच्या हिश्शात न पडता अप्पा शिवणाकडे वळले. नव्वदनंतर बाजारात रेडिमेड कपड्यांचे ढीग यायला लागले आणि गावातले शिंपी हवालदिल झाले. अप्पांनी आपलं मशीन उचललं आणि नेमकं एका रेडिमेडच्या दुकानाच्या पायरीशी नेऊन ठेवलं. “सगळे रडत बसले, मी आल्टरला बसलो,” असं ते सांगत. “कंपनीनं काय माझ्या गिऱ्हाइकाचं माप घेतलंय व्हय? त्यो सदरा तिकडं कुणाच्या तरी अंगाचा शिवलाय. हितल्या अंगावर बसवायला माणूस लागतोच की.” पुढे गुडघ्यांनी पायडल मारायला नकार दिला, तेव्हा मशीन गेलं आणि कॉम्प्युटर आला. आधी लग्नपत्रिका, मग वेबसाइट. त्यांच्या मते धंदा बदललाच नव्हता, त्यामुळे टेप गळ्यातून काढायचं काही कारण नव्हतं.

मी नोकरी मागायला गेले तेव्हा कॉम्प्युटरची पदवी हातात येऊन महिनाच झाला होता. कोऱ्या पानावर एकेक ओळ टाइप करून अख्खी वेबसाइट उभी करता येते, याचा मला भारी ताठा होता, आणि तो मी पहिल्या दोन मिनिटांत दाखवून टाकला. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“शिवता येतं, ते कळलं. उसवता येतं का?”

“म्हणजे?”

“शिवणारे लई भेटतात, पोरी. दुसऱ्याची शिवण कापड न फाडता उसवणारा भेटत न्हाई. मला तसा माणूस पाहिजे.”

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढं शिकून मी लोकांचे उतरलेले सदरे दुरुस्त करणार होते. पण घरून पुण्याला जायची परवानगी नव्हती, म्हणून राहिले. पहिल्याच आठवड्यात कळलं की अप्पा म्हणतात ते खरं आहे. तयार पानातली एक ओळ उपटली की दुसरीकडचा फोटो घसरतो, तो सावरावा तर तिसरीकडे फट पडते. कुठला धागा आधी ओढायचा हे शिकण्यात माझा पावसाळा गेला. अप्पा मला ‘इंजनेर बाई’ म्हणायला लागले. त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांना इंग्रजी जेमतेम वाचता येई, पण पान बघायला त्यांना इंग्रजी लागत नसे. चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्याकडे एकटक बघत आणि म्हणत, “ह्याचा गळा लई मोठा झालाय.” म्हणजे वरची नावाची पट्टी. “डावी बाही आखूड पडली.” म्हणजे कडेची यादी. “आन् खाली दुमड कावून मारली न्हाई?” म्हणजे तळाची पत्त्याची ओळ. मी चिडून दुरुस्ती करी आणि पान सुधारलेलं दिसे. माझी चीड त्यामुळे आणखी वाढे.

गिऱ्हाईक दुकानात येऊन एखादं पान पसंत करी, ते अप्पांना मंजूर नसे. माप घ्यायला ते स्वतः त्याच्या जागेवर जात. सिरसाळ्याच्या एका बियाणांच्या व्यापाऱ्याला मोठमोठ्या खांबांच्या इमारतीचं पान फार आवडलं होतं. मूळ ते कुठल्याशा परदेशी वकिलांचं. अप्पा म्हणाले, “शेठ, कोट झकास हाय, पर त्यात तुमाला कुणी वळखणार न्हाई.” दुसऱ्या दिवशी ते एसटीनं सिरसाळ्याला गेले, दिवसभर त्यांच्या ओट्यावर बसले आणि परत येऊन मला म्हणाले, “लोक आल्यावर पैला सवाल काय करत्यात मालूम हाय? आमचं बी आलं का? बस. मग त्योच जवाब सगळ्यात वर टाक.” आम्ही खांब काढले आणि दुकानात आज कोणकोणतं बियाणं आहे त्याची यादी घातली. शेठ हिरमुसले. पेरणीच्या तोंडावर परळीच्या सायबर कॅफेत ती यादी बघून लोक फोन करायला लागले, तेव्हा मात्र पेढे घेऊन आले.

अप्पांचा आणखी एक हट्ट होता. प्रत्येक साइटमध्ये एखादं पान, एखादा कोपरा ते रिकामा ठेवायला लावत. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात. “दोन बोटं माया ठेव,” अप्पा म्हणत. “लेकरू वाढतं, पोट वाढतं, धंदा बी वाढतो. माया ठेवली न्हाई तर उद्या कापड कुठून आणशील?” मला ती मोकळी जागा अर्धवट कामासारखी दिसे आणि मी ती गुपचूप भरून टाकी. ते दुसऱ्या दिवशी शेजारी बसून पुन्हा मोकळी करून घेत. रागावत नसत. मला त्यांचं न रागावणंही खटकायचं, इतकी मी तेव्हा शहाणी होते.

गावाबाहेर मूकबधिर मुलांची एक निवासी शाळा होती आणि मंगलाबाई तिच्या मुख्याध्यापिका. मुली दिवसा ज्या वर्गात शिकत, रात्री बाकं भिंतीला लावून त्याच वर्गात झोपत. अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात शिकून अमेरिकेत गेलेल्या काही डॉक्टरांनी मुलींसाठी खोल्या बांधून द्यायचं मनावर घेतलं होतं. त्यांची बैठक व्हायची होती आणि त्याआधी त्यांना शाळेची वेबसाइट बघायची होती. अप्पा एकटेच शाळेत जाऊन माप घेऊन आले. मला म्हणाले, “पान हसरं घे. गर्दी नको. घाई न्हाई, मी आल्यावर बघू.” आणि दर कार्तिकात जातात तसे आठ दिवस कपिलधारला यात्रेच्या सेवेला निघून गेले.

ते गेले आणि अमेरिकेतली बैठक अलीकडे आली. मी सीडी चाळून एक पिवळं, हसरं पान काढलं. मूळ पानावर हिरवळीवर बागडणारी कुत्री होती. त्यात काय, फोटो तर बदलायचेच होते. कुत्री काढली, मुलं घातली. प्रत्येक ओळीच्या आधी चार पाकळ्यांचं एक इवलंसं फूल होतं, ते छान दिसत होतं म्हणून राहू दिलं. मंगलाबाई बघायला आल्या. खूप वेळ त्या पडद्यासमोर बसून होत्या.

“आमच्या लेकरांना नवंकोरं कधी मिळत नाही बघ,” त्या म्हणाल्या. “कपडे लोकांच्या अंगावरून उतरलेले, वह्या अर्ध्या लिहिलेल्या, खेळणी मोडलेली. हे तरी फक्त आमच्यासाठी केलंयस ना?”

अप्पा असते तर त्यांचं वाक्य आलं असतं. मी त्यांच्या खुर्चीत होते. बाईंचा चेहरा बघून मला कसंसंच झालं, आणि खरं सांगायचं तर माझा जुना ताठाही जागा झाला.

“हो बाई. फक्त तुमच्यासाठी.”

बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. डॉक्टरांना पाठवायच्या पत्रात त्यांनी लिहिलं की ही वेबसाइट आमच्या मुलांसाठीच, आमच्याच गावातल्या एका मुलीनं मुद्दाम घडवली आहे. ते पत्र मीच दुकानातून ई-मेलनं पाठवलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. त्यांतल्या एका डॉक्टरांनी सभ्यपणे लिहिलं होतं. सुटीवर जाताना ते आपला कुत्रा जिथे ठेवतात, त्या जागेचं पान हुबेहूब असंच आहे. मुलांसाठी मुद्दाम घडवलेल्या पानावर कुत्र्याचे पंजे कसे, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आणि ही गोष्ट अशी असेल तर पत्रातल्या बाकीच्या गोष्टी आम्ही कितपत खऱ्या धरायच्या, असं शेवटी होतं. बैठक त्यांनी पुढे ढकलली होती. मी पुन्हा पान उघडलं. माझ्या चार पाकळ्यांच्या फुलांकडे बघितलं, आणि ती फुलं नव्हती. बहिऱ्या मुलांच्या प्रत्येक वाक्याआधी मी कुत्र्याचा पंजा ठेवला होता.

अप्पा परत येईपर्यंत मी कुणाला काही बोलले नाही. आल्या आल्या त्यांच्या हातात डॉक्टरांच्या पत्राचा कागद दिला, त्यात काय आहे ते सांगितलं, आणि मी काय बोलले तेही सांगितलं. अप्पांनी पिशवी खाली ठेवली.

“बाईनं असं इचारलं? सोताच्या तोंडानं?”

“हो.”

“फक्त आमच्यासाठी केलं का, असं?”

“हो.”

“आन् तू हो म्हणलीस.”

मी मान हलवली. नोकरी गेली असं मी धरून चालले होते, आणि त्याचं मला तितकंसं वाटतही नव्हतं. वाटत होतं ते त्या मुलींच्या खोल्यांचं, आणि या माणसानं एवढी वर्षं सांभाळलेल्या एका वाक्याचं. शेवटी ते उठले. मी बरोबर येते म्हणाले, तर “तू मागून ये” म्हणून एकटेच शाळेत गेले. तास-दीड तासानं परतले ते थकल्यासारखे दिसले.

“बाईंशी बोलून आलो. आता ऐक. रेडिमेडला रेडिमेड म्हणायची लाज न्हाई. पर तू शिवलंय म्हणलीस, म्हंजे दुकानानं म्हणलं. मग शिवू. कोरं पान काढ.”

“अप्पा, आपण शिवत नाही.”

“ह्या येळंला शिवू.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेत माफी मागायला गेले. मंगलाबाईंनी माझे हात हातात घेतले, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना किती लागलंय ते मला त्यावरून कळलं, निदान तेव्हा मला तसं वाटलं.

त्यानंतर अप्पांनी बाकीची सगळी कामं बाजूला ठेवली. रोज सकाळी ते शाळेत जाऊन माप घेत. मुलांच्या रांगेत जेवायला बसत, खेळायच्या वेळी पिंपळाच्या पारावर बसत. त्या मुलांमध्ये एक रीत होती. प्रत्येक माणसाला ती एक खूण ठरवून देत आणि तेच त्याचं नाव. अप्पांना तिसऱ्याच दिवशी नाव मिळालं: दोन्ही मुठी गळ्याशी आणून टेप खाली ओढल्यासारखं करायचं. अप्पांनी ते मला इतक्या वेळा करून दाखवलं की मी हसायचं सोडून दिलं. मग त्यांना सुचलं की पानावर मुलांच्या फोटोखाली नुसतं नाव नको, प्रत्येकाची खूण करतानाचा फोटो घ्यावा. ओळींच्या आधी लावायला एका मुलीनं खडूनं फूल काढून दिलं, अगदी खरं, देठासकट.

मी कोऱ्या पानावर एकेक ओळ लिहीत होते. हेच करायची माझी केवढी हौस होती, आणि आता एक ओळ लिहून दोन पुसत होते. सीडीवरचा एखादा तयार तुकडा घ्यावा असा मोह होई. अप्पा म्हणत, “एक बटन बी उसनं घ्यायचं न्हाई.” अकराव्या दिवशी पान उभं राहिलं. डावीकडचा फोटो जरा खाली घसरलेलाच राहिला, रंग एकमेकांशी भांडत होते. सीडीवरचं पान याच्यापेक्षा कितीतरी देखणं होतं. अप्पांनी चष्मा वर सरकवून बघितलं. “पैली बाही अशीच बसती,” ते म्हणाले. “पर अंग कुणाचं हाय ते कळतंय.”

मग डॉक्टरांना पत्र. अप्पा मराठीत सांगत होते आणि मी त्याचं इंग्रजी करत होते. “लिही. पैलं पान रेडिमेड होतं, कुत्र्यांच्या घराचं. शिवलंय म्हणून सांगितलं ते खोटं. चूक दुकानाची. आता हे खरंच शिवलंय, बघा. आन् लिही...” इथे ते अडले. टेपचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत राहिले. त्यांना शब्द सापडत नाही असं वाटून मी दोन-चार सुचवून बघितले. ते ऐकत नव्हते. खूप वेळानं म्हणाले, “लिही. शाळेला ह्यातलं कायबी मालूम नव्हतं.” मी लिहिलं. त्याखाली, खोटं मी बोलले असं लिहून मी माझं नाव घातलं. अप्पांना त्याचं मराठी करून सांगितलं, त्यांनी ते राहू दिलं.

तीन आठवडे माझा जीव टांगणीला होता. मग डॉक्टरांचं दोन ओळींचं उत्तर आलं की त्यांची बहीण लातूरला असते, ती येऊन बघेल. ती न कळवता आली, दिवसभर शाळेत राहिली, मुलींच्या पंगतीत जेवली. पुढच्या पावसाळ्याआधी खोल्या उभ्या राहिल्या. उद्घाटनाला अप्पा व्यासपीठावर बसले नाहीत. मागच्या बाजूला गवंड्याला धरून विचारत होते, “सळया बाहेर ठेवल्यात का? उद्या वाढवायला लागंल, जरा माया पाहिजे.” मुली नव्या खोल्यांच्या दारातून आत-बाहेर पळत होत्या. ते बघताना मला भरून आलं आणि मी खुशाल रडून घेतलं.

दोन वर्षांनी लग्न होऊन मी पुण्याला गेले. अप्पांनी निरोप देताना फार काही सांगितलं नाही. “तिकडं दुकानं मोठी. पैलं वाक्य इसरू नको,” एवढंच म्हणाले. आता या तयार पानांना थीम म्हणतात आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या साइटही त्यांच्यावरच उभ्या असतात. मी मात्र बैठकीत बसायच्या आत सांगते, हे तयार आहे, तुमच्या मापानं बदलून देऊ. बरोबरचे लोक टेबलाखालून माझा पाय दाबतात. कामं काही जातात, काही राहतात.

अप्पा गेले ते झोपेतच. मी पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांच्या घरी जाऊन आले आणि मग मंगलाबाईंकडे गेले. बाई आता निवृत्त झालेल्या, पाठीत वाकलेल्या. चहा झाला, अप्पांच्या आठवणी झाल्या, मी उठायला लागले तेव्हा त्यांनी मला खाली बसवलं.

“एक सांगायचं राहिलंय तुला. अप्पा पहिल्यांदा माप घ्यायला आले ना शाळेत, तेव्हा पहिलंच वाक्य बोलले होते. आपलं काम रेडिमेड हाय, म्हणून.”

“मग तुम्ही मला का विचारलंत?”

“तू हो म्हणावंस म्हणून.” बाई पदराशी चाळा करत होत्या. “तू म्हणालीस, आणि मला इतकं बरं वाटलं की मी ते पत्रातही लिहून टाकलं. माहीत असून लिहिलं. डॉक्टरांचं उत्तर घेऊन अप्पा आले तेव्हा त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले मी. म्हटलं, मुख्याध्यापिकाच खोटी ठरली तर खोल्या गेल्या. मुली बाकांमध्येच झोपतील.”

“काय म्हणाले ते?”

“आधी मला पाणी प्यायला लावलं. मग म्हणाले, पोरीला आताच सांगू नका. बाईनं बी खोटं लिवलं म्हणून कळलं तर तिला वाटंल, दुनिया अशीच चालती. तिला तसं वाटाया नको.”

परतीच्या एसटीत मला अप्पांचा राग आला. इतकी वर्षं ती लाज मी एकटीनं बाळगली होती, आणि ती माझी एकटीची नव्हतीच. अंबाजोगाई मागे पडली तरी मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते. मग ते पत्र आठवलं. शाळेला ह्यातलं कायबी मालूम नव्हतं. गिऱ्हाइकाला बसायच्या आत खरं सांगून टाकणारा माणूस, आणि ते एक खोटं वाक्य त्याच्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं. आणि मी शेजारी बसून, त्यांना शब्द सापडत नाही असं समजून, एकामागून एक शब्द सुचवत होते.